बोललेल्या शब्दाचे दप्तर

डाव्या विचारवंतांची जुनी व्याख्याने ध्वनिफितींवर सापडली, की अभ्यासकांना घबाड मिळाल्याचा आनंद होतो. परंतु ध्वनिमुद्रणाची सोय नसताना अशी भाषणे कोणी व कशासाठी टिकविली, हा इतिहासही उद्बोधक आहे.

रशियात १९१९ ते १९२१ या काळात लेनिनची भाषणे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरविली गेली. १९२१ मध्येच मुंबईत श्रीपाद अमृत डांगे या तरुणाने ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९२८ मध्ये मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, तेव्हा डांगे व त्यांचे सहकारी सभांमागून सभा गाजवीत होते. त्यांच्यासाठी तबकड्या कोण काढणार? सभेच्या कडेला मात्र पोलिस खात्याचा लघुलेखक बसलेला असे.

२० मार्च १९२९ रोजी धरपकड झाली, मीरत कटाचा खटला उभा राहिला, आणि ही टिपणे पुराव्यादाखल न्यायालयात आली. ही रीत नवी नव्हती. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक व्याख्यानांवरही अशाच टिपणांवरून कारवाई झाली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. ज्या सरकारला हे शब्द नकोसे होते, त्याच्याच दप्तरात ते सुरक्षित राहिले!

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्याने दप्तराचे मोल प्रस्तुत लेखक जाणतो, तशी त्याची मर्यादाही जाणतो. फिर्यादीला जे हवे, तेच बहुधा टिपले जाते. वक्त्याचा आवाज, थट्टा, श्रोत्यांचा हुंकार कागदावर उतरत नाही. अशी टिपणे साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे पारखूनच वाचावी लागतात.

याउलट उदाहरण कॉम्रेड गोविंद पानसरे यांचे. १९८७ मधील त्यांच्या व्याख्यानातून १९८८ साली ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका सिद्ध झाली. येथे शब्द जपला तो पोलिसांनी नव्हे, तर ज्यांना तो हवा होता त्यांनी. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरे यांची हत्या झाली. पुस्तिका मात्र वाचली जातच राहिली.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, छापील शब्दाची बूज राखली. बोललेल्या शब्दाची काळजी घेणे आता आपल्याकडे आले आहे. दांडिया बाजारातील जुन्या घरांच्या माळ्यांवर व्याख्यानांच्या कॅसेट पडून असतील, तर त्या बाहेर काढाव्यात. दमट हवेत फितीला बुरशी धरते. तेव्हा त्या जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि वक्ता, स्थळ व तारीख यांची नोंद अवश्य करावी. तारखेवाचून कागद जसा निरुपयोगी, तसाच आवाजही. विचार पटो वा न पटो, तो जपण्याचे काम केवळ पोलिसांच्या लघुलेखकावर सोपवून चालणार नाही.