सेल्फची कुळकथा

मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूला हाडाचं टोक मोडलं, तर त्या दुखापतीला हाडांचे डॉक्टर आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. मोटारी हातानं हँडल मारून चालू कराव्या लागत, त्या काळातलं हे नाव. ठिणगीची वेळ मागे घ्यायची राहिली, की पिस्टन वर पोहोचण्याआधीच पेट्रोल पेटे, इंजिन उलटं फिरे आणि हातातलं हँडल हिसका देऊन मागे येई. कधी मनगट जाई, कधी जबडा. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असं नव्या ड्रायव्हरला सर्वांत आधी शिकवत.

यावर उपाय शोधणारे कमी नव्हते. कुणी दाबलेली हवा वापरली, कुणी स्प्रिंग, कुणी थेट सिलिंडरमध्ये ॲसिटिलीन सोडून बघितलं. विजेची मोटरही नवी नव्हती. इंग्लंडमध्ये 1896 सालीच डाउसिंग यांनी अर्नोल्ड मोटारीला ती जोडली होती. पण ते प्रकरण मार्गी लागेना, कारण हिशेब आड येई. थंड इंजिनाला पिळून काढायला जेवढी ताकद लागते, तेवढी दिवसभर देऊ शकेल अशी मोटर आणि तिला पुरेल अशी बॅटरी गाडीत ठेवायची म्हटलं, तर माणसांना बसायला जागा उरली नसती.

हा हिशेब मोडला ओहायोतल्या चार्ल्स केटरिंगनं. तो आधी डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि तिथे त्यानं दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याच्या मोटरला क्षणभर जोर लावायचा असतो आणि मग बराच वेळ गप्प बसायचं असतं. मोटारीचंही तसंच, हे त्याच्या लक्षात आलं. इंजिन धरेपर्यंत काही सेकंद पुरेत. तेवढ्यापुरता एखाद्या छोट्या मोटरवर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला तिला वेळच मिळत नाही. माझ्या मते सेल्फच्या, म्हणजे सेल्फ-स्टार्टरच्या, इतिहासातला खरा शोध हाच. त्याच्या आतलं तांबं, लोखंड आणि कार्बन आधीपासून होतंच.

कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांना हे यंत्र हवं होतं. त्यामागे एक कथा सांगतात : बायरन कार्टर हा त्यांचा मित्र रस्त्यात बंद पडलेल्या एका बाईंची गाडी चालू करून देत असताना हँडल लागून जखमी झाला आणि पुढे त्यातच गेला. कार्टर 1908 मध्ये वारला हे खरं, पण त्या प्रसंगाचे तपशील अभ्यासकांना जुळवता आलेले नाहीत, म्हणून मी ही कथा दंतकथेच्या खात्यातच ठेवतो. नक्की आहे ते एवढं, की केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांच्या डेल्को कंपनीनं 1911 मध्ये यंत्र चालवून दाखवलं आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ते आलं. एकच यंत्र 24 व्होल्टवर इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झालं की जनरेटर होऊन 6 व्होल्टवर बॅटरी भरे. फोर्डच्या मॉडेल टीला विजेचा सेल्फ मिळायला मात्र 1919 उजाडलं.

जोर मिळाला, तरी सुटका बाकी होती. मोटरच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फ्लायव्हीलच्या मोठ्या रिंगला फिरवतं. मोटर बारा-पंधरा फेरे घेते तेव्हा इंजिनाचा एक होतो. आता इंजिन पेटून मिनिटाला हजार फेऱ्यांवर गेलं आणि पिनियन तिथेच अडकून राहिलं, तर बिचाऱ्या आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला, बारा-पंधरा हजारांच्या वेगानं फरफटत जावं लागेल आणि त्याची वायंडिंग उसवून बाहेर येईल. व्हिन्सेंट बेंडिक्सनं त्यावर अतिशय देखणी युक्ती काढली. पिनियन आट्यांच्या दांड्यावर सैल बसवायचं. मोटर झटक्यात फिरली की जड पिनियन आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळतं आणि आट्यांवरून सरकत रिंगच्या दातांत शिरतं. इंजिन जोरात फिरू लागलं की तेच आटे त्याला परत ढकलतात. लिव्हर नाही, चुंबक नाही. शेवरोलेनं 1914 मध्ये ही रचना घेतली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडचे मेकॅनिक सेल्फच्या पिनियनच्या सगळ्या जोडणीलाच अजून ‘बेंडिक्स’ म्हणतात.

पुढचं एका गाडीच्या उदाहरणानं पाहू. एम.जी.बी. ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार 1962 साली निघाली, तेव्हा तिच्यात ल्युकस कंपनीचा असाच जडत्वावर चालणारा सेल्फ होता. दातांवर दात आपटल्याचा तो खणखणाट जुन्या एम.जी.वाल्यांना झोपेतही ओळखू येईल. पिनियन कधी दातांत अडकून बसलं तर ते सोडवायला आर्मेचरच्या दांड्याच्या बाहेरच्या टोकाला चौकोनी आकार असे. वरची टोपी काढून तो पान्यानं फिरवला की अडकलेलं सुटे. 1967 च्या अखेरीस या गाडीची दुसरी आवृत्ती आली आणि सेल्फही बदलला. आता मोटरच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड आधी पिनियनला दातांत नेऊन बसवतो आणि मगच विजेचा मार्ग जोडतो. आपटणं संपलं, दातांचं आयुष्य वाढलं.

असा सेल्फ मरतो कशानं, याचं उत्तर त्याच्या जन्मातच आहे. तो काही सेकंदांसाठी बनवलेला आहे. मोटर वेगात असते तेव्हा ती स्वतःच विजेला विरोध करते आणि प्रवाह आटोक्यात राहतो. ती रेंगाळली की प्रवाह वाढतो आणि जागीच अडली तर एम.जी.बी.च्या जुन्या सेल्फमधून चारशे अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहतो, त्याची सगळी उष्णताच होते. पेट्रोल येत नाही किंवा पॉइंट खराब आहेत म्हणून चालू न होणाऱ्या गाडीला अर्धं-अर्धं मिनिट सेल्फ मारणं म्हणजे दुसऱ्याच्या आजारासाठी याचा जीव घेणं. त्याशिवाय कार्बन झिजतात, कम्युटेटरवर चर पडतात, बुश सैल होऊन आर्मेचर बाजूंना घासू लागतं.

तरीही बदलण्याआधी त्याच्यावर आरोप नक्की करून घ्यावा. नुसता ‘टक्’ आवाज आला म्हणून मोटर गेली असं होत नाही. एम.जी.बी.त बॅटरी सीटच्या मागे असते (1974 पर्यंत तर 6 व्होल्टच्या दोन होत्या), त्यामुळे केबल लांब आणि सांधे बरेच. इंजिन रबरावर बसलेलं असल्यानं त्याला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी स्वतंत्र असते. ती गंजली की सेल्फचा प्रचंड प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या वायरमधून वाट काढतो आणि ती वायर तापते. सेल्फ मारल्यावर चोकची वायर गरम लागली तर मोटरला हात लावू नका, आधी पट्टी बघा.

मोटरच उतरवायची ठरली, तर पहिलं काम बॅटरीची अर्थची केबल काढण्याचं. नंतरच्या सेल्फवर बॅटरीची जाड केबल थेट येते आणि तिच्या वाटेत फ्यूज नसतो. लक्षात ठेवा, 1967 पर्यंतच्या एम.जी.बी.त पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे आधी काढायचं टोक प्लसचं. बोल्ट दोनच आहेत, पण वरचा ऑइल फिल्टरच्या बाजूच्या अडचणीत लपलेला, हात शिरेल तर पाना फिरत नाही. घाई केली तर बोटं सोलतात. मोटर बाहेर आली की मोकळ्या जागेतून रिंगचे दात बघावेत, इंजिन हातानं पूर्ण एक फेरा फिरवून. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं, त्यामुळे दात त्या दोन जागीच खाल्लेले असतात. ते गेले असतील तर नवा सेल्फही तिथे खरवडतच राहणार.

आता बाजारात गियर लावलेले आधुनिक सेल्फ मिळतात. मोटर छोटी, वेगवान, आणि आतले गियर तिचा जोर वाढवतात. क्रायस्लरनं 1962 मध्येच ही वाट धरली होती. हे हलके असतात आणि इंजिन झटक्यात फिरवतात, म्हणून रोज चालवायच्या गाडीला मी ते आनंदानं सुचवीन. पण पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला घेताना आत फील्ड कॉइल आहे की कायमचं चुंबक, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या मोटरमध्ये आर्मेचर आणि फील्ड दोन्हींची दिशा एकदम उलटते, म्हणून ती कशीही जोडली तरी एकाच दिशेनं फिरते. चुंबकाची मोटर मात्र उलटी फिरेल आणि इंजिन जागचं हलणार नाही.

एम.जी.बी.चं इंजिन ज्या बी-सिरीज घराण्यातलं, त्याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमध्ये अनेक वर्षं होतं. ल्युकस आणि टीव्हीएस यांनी मद्रासला भागीदारी केली ती 1961 मध्ये. त्यामुळे असा सेल्फ उघडून कार्बन, बुश बदलणारे आणि आर्मेचर रिवाइंड करून देणारे ऑटो-इलेक्ट्रिशियन आपल्या गावोगावी तयार झाले. नवा सेल्फ जरूर बसवा. मात्र उतरवलेला जुना भंगारात घालू नका, अशा एखाद्या हाताकडे न्या आणि दुरुस्त करून गाडीसोबत जपून ठेवा.