नेम आणि जीव

श्रोतेहो, बंदूक तीच, नेमही तोच. पण समोर फळी आहे की जनावर, यावरून त्या नेमाचा अर्थ पार बदलतो. हे नीट उमगण्यासाठी आपण अमेरिकेतल्या १८७४ सालाकडे वळू.

त्या वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांच्या नेमबाजांचा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा गडी. अंतरे ८००, ९०० आणि १,००० यार्डांची. निशाणाच्या मधोमध गोळी लागली की ४ गुण. एका आयरिश गड्याने गोळी मधोमध मारली खरी, पण शेजारच्या निशाणावर! गुण शून्य. शेवटी अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. तीन गुणांनी सामना गेला; पण गेला तो सामनाच, जीव कुणाचा गेला नाही.

अमेरिकन गड्यांच्या हाती रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांच्या बंदुका होत्या. त्याच सुमारास पश्चिमेच्या गवताळ माळांवर शार्प्सच्याच बंदुका बायसनांवर चालत होत्या. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद. कातड्यासाठी मारणारा शिकारी दोन-तीनशे यार्डांवर दबा धरून बसे. कळपाला ना त्याचा वास, ना चाहूल. आधी तो म्होरकी गाय टिपी. मग बाकीची जनावरे बावरून तिथेच घोटाळत आणि एकेक करून पडत. कातडे सोलून न्यायचे, मांस माळावर कुजायचे. कोट्यवधींचे ते कळप! १८८९ साली हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञाने मोजदाद मांडली, तेव्हा उत्तर अमेरिकेत उरले होते अवघे १,०९१. त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांच्या तोंडचा घासही गेला.

कुणी म्हणेल, ‘ज्याचा हात मैदानावर बसला आहे, त्याने रानात लांबून मारले तर बिघडले कुठे?’ बिघडते ते असे. त्या काळच्या गोळीला हजार यार्ड जायला सुमारे तीन सेकंद लागत. फळी तेवढा वेळ हलत नाही. जनावर मात्र एक पाऊल टाकते, आणि काळजावर धरलेली गोळी पोटात शिरते. शिकारी तिथवर चालत जाईतो जखमी जनावर झाडीत दिसेनासे होते. मैदानावर चुकलेली गोळी नेमबाजाला वारा शिकवते. रानात त्या शिकवणीची फी जनावर भरते!

आता आपल्या राधानगरी तालुक्याकडे पाहा. दाजीपूरचे रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा देशात आला. आणि याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. नेमही राहिला, गवाही राहिला. गुरुजनहो, हा हिशेब वर्गात मुलांपुढे जरूर मांडा.