वांझपणाचा अर्धा इतिहास

इ. स. १८५३ च्या डिसेंबर महिन्याच्या ११ तारखेला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निवर्तले. मागे गादीला वारस नव्हता आणि दत्तकविधानही झालेले नव्हते. लॉर्ड डलहौसीला तेवढे निमित्त पुरेसे झाले. पुढल्याच वर्षी, १८५४ मध्ये, नागपूरचे राज्य खालसा होऊन कंपनी सरकारच्या मुलखात सामील झाले. अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, २१ नोव्हेंबरला, झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले होते. साताऱ्याची गादी तर १८४८ मध्येच गेली होती. शाळेच्या पुस्तकांत आपण हे सारे डलहौसीच्या अन्यायाचे प्रकरण म्हणून वाचले, आणि ते तसे होतेच. परंतु आज आम्ही वाचकांचे लक्ष त्याच इतिहासातील एका घरगुती प्रश्नाकडे वेधू इच्छितो. राजवाड्यात पाळणा हलत नसे, तेव्हा त्याचे कारण कोठे शोधले जात असे?

नागपूरच्या घराण्याला हा प्रश्न नवा नव्हता. पहिल्या रघुजींचे पुत्र जानोजी १७७२ मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यांनी दत्तक घेतलेला पुतण्या पुढे दुसरा रघुजी म्हणून गादीवर आला. मृतांचे रोगनिदान करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तो उद्धटपणा ठरेल. आम्हांला दाखवायची आहे ती रीत. मूल होत नाही म्हणून आणखी एक राणी करावी, नवस बोलावेत, अखेर दत्तक घ्यावा, हा त्या काळच्या दरबारांचा सर्वसाधारण क्रम होता. राण्या बदलत, राजा तोच राहत असे. उणीव त्याच्याही शरीरात असू शकेल ही शंका उच्चारण्याची सोय नव्हती.

राजवाड्याची ही रीत साध्या घरांतही होती, आणि तिची साक्ष आपली भाषाच देते. मूल नसलेल्या स्त्रीसाठी मराठीत ‘वांझ’ हा शब्द आहे, ‘वांझोटी’ ही शिवी आहे, आणि मूल झाले की तिची ‘कूस उजवली’ असे आपण म्हणतो. पुरुषासाठी मात्र असा शब्द नाही. आहेत ते ‘षंढ’ आणि ‘नपुंसक’. पण त्यांचा रोख पौरुषावर आहे, पितृत्वावर नाही. वैवाहिक संबंध उत्तम असूनही वीर्यात शुक्राणू नसणे वा कमी असणे ही अगदी निराळी गोष्ट होय. ती सांगायला साधा शब्दच नसल्यामुळे पुरुषाला वाटते की, तपासणीला गेलो तर आपल्या मर्दानगीवर डाग लागेल. म्हणून तो जात नाही, आणि दोषाचे सारे ओझे पत्नीच्या डोक्यावर राहते.

गंमत अशी की, याविषयीचे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असे सांगितले आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष वेगळे मोजले आहेत आणि पुरुषाच्या असमर्थतेचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक बीज बिघडल्यामुळे येणारा. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासल्याशिवाय शहाणा शेतकरी जमिनीला दोष देत नाही. घरात मात्र आपण नेमके तेच करीत आलो.

युरोपात हे बीज डोळ्यांना दिसले ते १६७७ मध्ये, हॉलंडच्या लेवेनहूक यांच्या सूक्ष्मदर्शकातून. त्यानंतर शंभर वर्षांनी या विषयाचा पाठपुरावा केला तो आपल्याच चर्चच्या एका धर्मगुरूने, ही गोष्ट आपल्या कुटुंबांना ठाऊक असायला हवी. फादर लाझारो स्पलान्झानी हे इटलीतील पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी नर बेडकांना तलम रेशमी कापडाच्या इवल्याशा विजारी घातल्या! मादीने घातलेली अंडी तशीच कुजून गेली. पण विजारीत साठलेले थेंब ज्या अंड्यांना लावले त्यांतून पिल्ले निघाली. १७८० मध्ये त्यांनी एका कुत्रीवर कृत्रिम गर्भधारणेचा प्रयोग यशस्वी केला आणि बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. शुक्राणूंचे खरे कार्य त्यांना उमगले नाही, तरी नराच्या वाट्यावाचून जीव निपजत नाही हे त्यांनी हाताने करून दाखवले. पुढे १८६६ मध्ये अमेरिकेतील डॉ. मॅरियन सिम्स यांनी, मूल नसलेल्या स्त्रीवर उपचार करताना पतीचे वीर्यही सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, असे आपल्या ग्रंथात मांडले. १९२९ मध्ये शुक्राणू मोजण्याची पद्धत रूढ होऊ लागली, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीची पहिली नियमपुस्तिका काढली.

ज्ञान असे पुढे जात असता आपल्याकडील रुग्णालयांची दारे मात्र एकाच बाजूने उघडत होती. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांसाठी वैद्यकीय मदतीचा निधी सुरू झाला आणि गावोगाव जनाना दवाखाने निघाले. नागपुरात सीताबर्डीला स्कॉटिश मिशनचे मुरे मेमोरियल रुग्णालय स्त्रियांच्या सेवेसाठी उभे राहिले. १९४७ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. या संस्थांचे उपकार थोर आहेत. परंतु मूल नसण्याचा प्रश्न या मार्गाने ‘बायकांच्या दवाखान्याचा’ झाला. सून सासूबरोबर जाई, तपासण्या सोसून येई, आणि मुलगा बाहेर बाकावरसुद्धा दिसत नसे.

आता आजचे वैद्यक काय सांगते ते पाहू. एक वर्ष नियमित वैवाहिक संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर त्यास वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील साधारण सहांपैकी एका प्रौढास आयुष्यात कधी ना कधी या अनुभवातून जावे लागते. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा कमी-अधिक वाटा असतो. बहुतेकदा त्याला बाहेरून कोणतेही लक्षण नसते, आणि म्हणूनच धडधाकट देहावर विसंबून राहणे फसवे ठरते. तरी काही खुणा ओळखाव्यात : अंडकोशात, विशेषतः डावीकडे, फुगलेल्या शिरांचा गुंता, वृषण लहान असणे, त्यांत गाठ, सूज वा दुखणे, दाढीमिशा विरळ असणे, संबंधात वा वीर्यस्खलनात अडचण येणे. लहानपणी वृषण खाली न उतरणे, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजणे, हर्नियाची शस्त्रक्रिया, क्षय वा गुप्तरोग होऊन गेलेला असणे, या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

कारणेही पुष्कळ आहेत. फुगलेल्या शिरांचा विकार, ज्याला डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात, तो शंभरांतील सुमारे पंधरा पुरुषांत असतो, आणि मूल न होणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळते. वृषण शरीराहून थोडे थंड राहणे निसर्गाला हवे असते. म्हणून भट्टीपुढचे काम किंवा तीव्र ताप शुक्राणूंना बाधतो. काहींचा मार्ग जुन्या संसर्गाने बंद झालेला असतो, काहींच्या गुणसूत्रांतच फरक असतो. तंबाखू, दारू, स्थूलपणा, मधुमेह ही कारणे ओळखीची आहेत. परंतु व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली संप्रेरकांची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात, हे आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही.

तपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाखांहून कमी शुक्राणू असल्यास ते कमी समजतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेव्हा एका अहवालावरून खचून जाऊ नये, तपासणी पुन्हा करून घ्यावी.

मौन मोडल्याने काय साधते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे कीटकनाशकांच्या कारखान्यातील कामगारांच्या आपसांतील बोलण्यातून लक्षात आले की, आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलेच होत नाहीत. त्यांनी वीर्यतपासणी करून घेतली आणि डीबीसीपी या रसायनाचा दोष उघड झाला. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या जवळजवळ सर्व वापरांवर बंदी आली. ते कामगार लाजून गप्प बसले असते, तर दोष त्यांच्या बायकांवरच राहिला असता. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्यांनीही यातून बोध घ्यावा.

चर्चच्या कायद्यालाही असमर्थता आणि वंध्यत्व यांतील भेद स्पष्ट करायला शतके लागली. पोप पाचवे सिक्स्तस यांनी १५८७ मध्ये स्पेनमधील आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून दोन्ही वृषण नसलेल्या पुरुषांचे विवाह अग्राह्य ठरवले होते. त्यातील ‘खरे वीर्य’ या शब्दांचा वाद जवळजवळ चारशे वर्षे चालला. १३ मे १९७७ रोजी रोमच्या धर्मश्रद्धा विभागाने निर्णय दिला की, वैवाहिक मीलनासाठी वृषणांतील वीर्याची अट आवश्यक नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०८४ वा नियम तर निःसंदिग्ध आहे : वंध्यत्वामुळे विवाहाला मनाई होत नाही, की तो रद्दही होत नाही. मात्र ते ठाऊक असून दडवणे व फसवून संमती मिळवणे ही निराळी बाब आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘फॅमिलियारिस कॉन्सोर्शियो’ या पत्रात, मूल नसले तरी दांपत्यजीवनाचे मोल कमी होत नाही, असे आवर्जून सांगितले. १९८७ च्या ‘दोनुम व्हीते’ या सूचनापत्राने प्रयोगशाळेतील गर्भधारणेला संमती दिली नाही, पण वंध्यत्वाचे दुःख खरे मानले आणि त्याची कारणे शोधणाऱ्या संशोधनाला उत्तेजन दिले. शिरांची शस्त्रक्रिया, संसर्गावरील औषधे, संप्रेरकांचे उपचार यांना चर्चची आडकाठी नाही. तपासणीचा नमुना वैवाहिक संबंधातूनच घेण्याची सोयही आहे. संकोच वाटल्यास डॉक्टर आणि धर्मगुरू या दोघांशीही बोलावे.

लूकच्या शुभवर्तमानात वांझ म्हटले गेले ते एलिझाबेथला. लोकांत झालेली मानहानी देवाने दूर केली, असे समाधान तिने मानले. म्हणजे ती मानहानी तिने वर्षानुवर्षे सोसली होती. परंतु त्या कथेत वाचा गेली ती जखऱ्याची. त्याचे मौन सुटले तेव्हा त्याच्या मुखातून स्तुतिगीत आले, हे आपण जाणतोच. आमच्या धर्मग्रामांतील पतींचे मौन असेच सुटावे. लग्नाला वर्ष उलटले आणि घरात पाळणा हलला नाही, तर नवसाआधी आणि सुनेच्या तपासण्यांआधी मुलाने म्हणावे, ‘मीही येतो.’ सासूबाईंनी त्याला अडवू नये; मामंजींनी तर स्वतः सोबत जावे. तपासणीत काय निघेल ते निघो, त्या दिवसापासून ते ओझे एकटीचे राहणार नाही.