एक जादा गुणसूत्र आणि काविळीची लस



घरात बाळ जन्मले की पहिल्या चोवीस तासांत त्याला तीन लसी देतात. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे एका वाईट काविळीची लस. आपण सुनेला विचारतो, "टोचून झालं का गं?" आणि पेढे वाटायला लागतो. या तिसऱ्या लसीच्या इतिहासात डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या रक्ताचा मोठा वाटा आहे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

आज हे लिहायला कारण आहे. माझ्या नणंदेचा नातू डाउन सिंड्रोमचा आहे. लाघवी पोर, पण महिन्याला सर्दी, सर्दी छातीत उतरते, कान वाहतो. आणि दर आजारपणात बोलणी बसतात त्याच्या आईला. गार पाजलंस, उघडं ठेवलंस, ग्रहण पाळलं नाहीस. कुणी पूर्वकर्मही काढते. कर्माचा हिशेब ज्याचा त्याने पाहायचा, दुसऱ्याची वही उघडायची नसते. पण त्या मुलाच्या आजारपणाचा हिशेब शास्त्राने मांडून ठेवला आहे, तो आपण वाचायला हवा.

सुरुवात इंग्लंडमधली. सरे परगण्यात अर्ल्सवुड नावाची संस्था होती. बुद्धीने मागे पडलेल्यांना तिथे ठेवत. तिथले डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ साली या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. चेहरेपट्टीवरून त्यांनी मंगोल वंशाचे नाव दिले, ते चुकीचे होते. पुढे १९६५ मध्ये मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली आणि ते नाव मागे पडले. पण डाउन यांचे निरीक्षण बारीक होते. ही मुले अल्पायुषी असतात आणि क्षयाकडे त्यांचा कल असतो, असे त्यांनी त्याच लेखात लिहिले होते. म्हणजे "या मुलांना आजार लवकर गाठतो" ही नोंद पहिल्या दिवसापासूनची आहे. तेव्हा या मुलांच्या आया त्यांच्याजवळही नव्हत्या, मग दोष कुणाला द्यायचा?

कारण सापडायला १९५९ उजाडले. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. तिथल्या कामातून दिसले, की या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे आहेत. एकविसाव्या जोडीत दोनाच्या जागी तीन. शोध जेरोम लेझ्यून यांच्या नावावर गाजला, बाईंचे नाव मागे राहिले. हे जादा गुणसूत्र पेशी विभागताना चुकून येते. आईचे वय वाढले की शक्यता वाढते, हे लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. पण आईने काय खाल्ले, काय पाळले, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता काविळीकडे येते. अमेरिकेत बरूक ब्लुमबर्ग नावाचे संशोधक निरनिराळ्या देशांतल्या लोकांचे रक्त तपासत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक वेगळा घटक सापडला. त्याला त्यांनी 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हटले. तो रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांतही दिसू लागला. डाउन सिंड्रोमच्या मुलांना हा कर्करोग इतरांहून जास्त होतो, म्हणून त्यांचेही रक्त तपासले. मोठ्या संस्थांत राहणाऱ्यांपैकी जवळजवळ ३० टक्क्यांत तो घटक निघाला!

मग आणखी एक गोष्ट दिसली. लहान संस्थांतल्या मुलांत तो कमी होता, आणि घरी आईबापांजवळ राहणाऱ्यांत त्याहूनही कमी. घटक जन्मजात असता, तर राहण्याच्या जागेने फरक पडला नसता.

१९६६ मध्ये आधी हा घटक नसलेल्या एका डाउन सिंड्रोमच्या रुग्णाच्या रक्तात तो दिसला. तपासले तर यकृताला सूज. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतल्या बार्बरा वर्नर यांना बरे वाटेना, त्यांनी स्वतःचेच रक्त तपासले, तर तोच घटक आणि पाठोपाठ कावीळ. तेव्हा उलगडा झाला. तो घटक म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचा भाग होता. त्यातून रक्तपेढ्यांतली तपासणी आली, १९७६ चे नोबेल आले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. आपल्या सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही भागांत आली आणि २०११ पर्यंत देशभर पोचली.

पण एकाच संस्थेत, एकाच दाटीत राहणारी इतर मुले या विषाणूला बहुधा परतवून लावत, आणि डाउन सिंड्रोमच्या मुलांत तो ठाण मांडून बसे. हे का?

मी कॉमर्सची, म्हणून मला ते असे समजले. खतावणीत एका खात्याच्या नोंदी दीडपट झाल्या, तर ताळेबंद एकाच जागी चुकत नाही, सगळीकडे चुकतो. एकविसाव्या गुणसूत्रावर इंटरफेरॉनचा निरोप ऐकणाऱ्या सहापैकी चार जनुकांची जागा आहे. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्याची शरीरातली दवंडी. १९७० च्या दशकातच दिसले होते, की या मुलांच्या पेशी त्या दवंडीला जास्त जोरात प्रतिसाद देतात. २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या संशोधकांनी दाखवले, की आजार नसतानाही त्यांच्या पेशींत ती दवंडी चालूच असते. दुसरीकडे, लढाऊ पेशींना शिकवून तयार करणारी छातीतली थायमस ग्रंथी लहान असते, त्या पेशी संख्येने कमी असतात, आणि काही लसींनंतर प्रतिपिंडेही कमी तयार होतात.

म्हणून प्रतिकारशक्ती नुसती "कमी" आहे असे म्हणणे अपुरे आहे. तिचा तोल वेगळा आहे. बाहेरच्या शत्रूला ती कमी पडते आणि कधी घरच्यांवरच उठते. थायरॉइड बिघडतो, गव्हातले ग्लुटेन सोसेनासे होते, डोक्यावर चाई पडते. त्यात कानाच्या आणि श्वासाच्या वाटा अरुंद, स्नायू सैल, त्यामुळे साधी सर्दी तुंबून राहते.

तरी काळ केवढा बदलला पाहा. अमेरिकेत १९८३ मध्ये अशा व्यक्तींच्या मृत्यूचे मध्यम वय २५ होते, १९९७ मध्ये ४९ झाले, आणि आज अनेकजण साठी गाठतात. गुणसूत्र तेच आहे. बदलले ते हृदयाचे ऑपरेशन, प्रतिजैविके, लसी, आणि मुलांना संस्थेत न टाकता घरी वाढवणे.

तेव्हा तुमच्या घरात, शेजारी असे मूल असेल तर एवढे करा. त्याची एकही लस चुकवू नका. न्यूमोनियाच्या आणि फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारा. थायरॉइड दरवर्षी तपासा, कान वेळोवेळी दाखवा. पोट सतत बिघडत असेल, वजन वाढत नसेल, तर पोळी आपल्या मनाने बंद करू नका. आधी रक्त तपासून घ्या, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी नीट येत नाही. ताप आला की "बघू उद्या" म्हणू नका.

आणि स्वतःला सर्दी असेल तर त्या दिवशी त्याला भेटायला जाऊ नका. डबा दाराशी ठेवा, आईला फोन करा, आणि बरे झाल्यावर चार तास मुलाला सांभाळून तिला झोपू द्या.