सर्पगंधेच्या मुळापासून निघालेला प्रश्न

१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात सर्पगंधेविषयी लेख लिहिला. उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ गुणकारी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी त्या मुळातील अल्कलॉइडे वेगळी करीत होते. जगाचे लक्ष वेधले जाण्यास मात्र १९४९ उजाडावे लागले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. १९५२ मध्ये बासेलच्या सिबा कंपनीने मुळातील प्रभावी द्रव्य, रिसर्पिन, शुद्ध स्वरूपात मिळवले.

रिसर्पिनने रक्तदाब उतरे, उन्मादही शमे. परंतु काही रुग्ण विलक्षण खिन्न होत. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट उघड झाली: रिसर्पिन दिलेल्या सशांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा जवळजवळ रिता होतो. सेरोटोनिन घटले की मन खचते, हे समीकरण याच काळात आकार घेऊ लागले. ते इतके सुटसुटीत होते की आजही ते लोकांच्या तोंडून सुटलेले नाही. वास्तविक रिसर्पिन डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन यांचे साठेही तसेच रिकामे करते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले, तेव्हा ते पुन्हा हिंडू-फिरू लागले; सेरोटोनिनच्या पूर्वद्रव्याने तसे घडले नाही.

पण याहून मोठे कोडे क्लोरप्रोमाझिनने घातले. १९५२ पासून पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर वापरले जाऊ लागलेले हे औषध रिसर्पिनसारखाच परिणाम करी. मेंदूतील साठे मात्र जागच्या जागी राहत. साठा भरलेला असूनही परिणाम रित्या साठ्याचा, हे कसे? १९६३ मध्ये कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांवर प्रयोग केला. क्लोरप्रोमाझिन किंवा हॅलोपेरिडॉल दिल्यावर डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन यांची चयापचयी द्रव्ये वाढलेली आढळली. म्हणजे पेशी ही रसायने अधिक वेगाने सोडत आणि घडवत होत्या. औषध ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरांवर, ठाण मांडून बसते; संदेश पोहोचत नाही; आणि तो पोहोचला नाही हे कळताच पाठवणारी पेशी आणखी जोराने कामाला लागते, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले. वाट अडवली तर उत्पादन थंडावेल, या सरळ तर्काला येथे छेद गेला.

सेरोटोनिनच्या बाबतीत ही परतीची सूचना कोणत्या वाटेने येते, ते पुढे उलगडत गेले. हे द्रव्य बनवणाऱ्या पेशी मुख्यतः मस्तिष्कस्तंभातील राफे केंद्रकांत असतात. अन्नातील ट्रिप्टोफॅनपासून दोन पायऱ्यांत सेरोटोनिन घडते आणि पहिल्या पायरीवरचे विकर त्याचा वेग ठरवते. या पेशींच्या स्वतःच्या अंगावरही सेरोटोनिनचे ग्राही असतात. भोवताली सेरोटोनिन वाढले की ते पेशीला आवरते घ्यायला लावतात: तिचे स्पंदन मंदावते, निर्मितीही घटते. म्हणून औषध कोणता ग्राही अडवते, यावर सारे अवलंबून आहे. वांतीवरील ऑन्डॅन्सेट्रॉन संदेश घेणाऱ्याच्या बाजूला काम करते. मेंदूतील निर्मितीशी त्याचा विशेष संबंध नाही. राफेतील स्वग्राही अडवला, तर मात्र लगाम सुटतो. लगाम मुळातच सैल असेल, तर तो सोडल्याने फारसे काही बदलत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

लगाम ताणला जातो तो नैराश्यावरील औषधांच्या पहिल्या दिवसांत. फ्लुओक्सेटिनसारखे औषध सेरोटोनिनचे पुनर्शोषण थांबवते, पेशीभोवती ते साचते, आणि पेशीच हात आखडते. दीर्घ सेवनाने हे स्वग्राही बोथट होतात. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे का लागतात, याचे एक उत्तर त्यात शोधले गेले. त्या आठवड्यांत रुग्ण आणि घरचे काय सोसतात, ते वेगळे सांगायला नको.

ही प्रतीक्षा तोडण्यासाठी १९९४ मध्ये स्पेनमधील फ्रान्सेस्क आर्टिगास आणि सहकाऱ्यांनी अशा औषधांच्या जोडीला पिंडोलॉल देऊन पाहिले. पिंडोलॉल हेही मुळात रक्तदाबाचेच औषध. ते सेरोटोनिनच्या या स्वग्राहींनाही बिलगते. थोड्या रुग्णांवरील पहिले निष्कर्ष उत्साहवर्धक होते. पुढील चाचण्यांपैकी काहींत सुरुवातीचे आठवडे खरोखर लवकर सरले, काहींत मुळीच फरक पडला नाही. नंतर मेंदूच्या पीईटी चित्रणातून दिसले की, चाचण्यांत दिलेल्या नेहमीच्या मात्रेत पिंडोलॉल या ग्राहींचा लहानसा भागच व्यापत होते.