मंगळाच्या चित्रांचे हौशी कारागीर

जत्रेला जाणाऱ्या माणसांचे आपल्याकडे तीन वर्ग सांगतात : हौशे, नवशे आणि गवशे. केवळ आनंदासाठीं जाणारा तो हौशा, मनांत आधींच कांहीं धरून जाणारा तो नवशा, आणि गर्दींत आपल्याला काय गवसतें तें पाहणारा तो गवशा. मंगळ ग्रहाभोंवतीं गेल्या दीडशें वर्षांत माणसांची जी जत्रा भरली, तींतहि हे तिन्ही वर्ग आढळतात. त्यांतील हौशांची हकीकत आज आपणांस सांगावी असा विचार आहे. मंगळावर फिरणाऱ्या स्वयंचलित गाड्यांनीं, म्हणजे ज्यांना ‘रोव्हर’ म्हणतात त्यांनीं, पाठविलेलीं छायाचित्रें घरीं बसून जुळविणें, त्यांना रंग देणें, त्यांचा अर्थ लावणें, हा उद्योग करणारे लोक जगांत अनेक देशांत पसरलेले आहेत. त्यांना त्याबद्दल वेतन नाहीं, पदवी नाहीं, आणि कोणी त्यांच्यावर तें काम सोंपविलेलेंहि नाहीं.

या हकीकतीचा आरंभ दुर्बिणीपासून करावा लागतो. १८७७ सालीं मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असतां मिलान येथील ज्योतिर्विद जिओव्हानी स्कियापारेल्ली यांनीं त्याचा नकाशा काढला, व त्यावर दिसलेल्या बारीक रेषांना ‘कानाली’ असें इटालियन नांव दिलें. त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘प्रवाहमार्ग’ असाहि होतो. परंतु इंग्रजींत येतांना त्याचे ‘कालवे’ झाले, आणि कालवे म्हटले कीं ते खणणारे आलेच! बोस्टनचे एक धनिक गृहस्थ पर्सिव्हल लोवेल यांनीं १८९४ सालीं अमेरिकेंतील फ्लॅगस्टाफ येथें स्वखर्चानें वेधशाळा उभारली, आणि मंगळावरील बुद्धिमान् प्राणी दुष्काळाशीं झगडत आहेत असें प्रतिपादन करण्यांत पुढील आयुष्य वेचलें. १९०९ सालीं पॅरिसजवळील म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणींतून यूजीन अंतोनियादी यांनीं मंगळ पाहिला, तेव्हां त्या सरळ रेषा फुटून त्यांच्या जागीं असंख्य वेडेवांकडे ठिपके दिसले. लोवेल खोटें बोलत नव्हते. अपुरें दिसत असेल तेथें डोळा उरलेलें आपल्या पदरचें भरून काढतो, व तें आपण भरलें हें मनाला कळूंहि देत नाहीं. ही खोड पुढें यंत्रें आलीं तरी गेली नाहीं.

१९६५ च्या जुलै महिन्यांत ‘मॅरिनर ४’ हें यान मंगळाजवळून गेलें व त्यानें बावीस छायाचित्रें घेतलीं. त्यांतील शेवटचें अपुरें होतें. तें यान कांहीं चित्राची कांच घेऊन परत येणार नव्हतें. त्यानें पाठविले ते केवळ आंकडे. एका चित्राचे आडवे दोनशें व उभे दोनशें असे चाळीस हजार बिंदु, आणि प्रत्येक बिंदु किती उजळ हें सांगणारा शून्य ते त्रेसष्टपर्यंतचा एक अंक. एक चित्र पृथ्वीवर पोंचण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागे. कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींत पहिल्या चित्राचे आंकडे येऊं लागले, तेव्हां संगणकानें चित्र सिद्ध करीपर्यंत थांबण्याचा धीर तेथील अभियंत्यांना राहिला नाहीं. त्यांनीं आंकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या एका फळीवर शेजारीं शेजारीं चिकटविल्या, रंगीत खडू आणले, आणि कोणत्या अंकाला कोणता रंग हें ठरवून लहान मुलांप्रमाणें त्या रंगविल्या. मंगळाचें जवळून घेतलेलें पहिलें चित्र जगांत असें हातानें प्रकट झालें. तें आजहि जपून ठेवलेलें आहे.

या प्रसंगांत आपल्या विषयाचें मर्म आहे. मंगळाहून चित्र येत नाहीं, आंकडे येतात. आणि ज्याच्या हातीं आंकडे पडतील त्याला चित्र करतां येतें. तो विद्वान् असो वा हौशी असो, आंकड्यांना त्याचें सोयरसुतक नाहीं.

पण करतां येतें म्हणजे खरेंच होतें असें नाहीं. २० जुलै १९७६ रोजीं ‘व्हायकिंग १’ मंगळाच्या भूमीवर उतरलें. दुसऱ्या दिवशीं पहिलें रंगीत छायाचित्र प्रसिद्ध झालें, त्यांत आकाश फिकट निळें होतें. पुढें रंगांचा मेळ नीट घालून पाहतां तें आकाश धुळीमुळें गुलाबी-पिंवळसर असल्याचें ठरलें व चित्र सुधारावें लागलें. म्हणजे प्रत्यक्ष तज्ज्ञांच्या हातूनहि पृथ्वीचें आकाश नकळत मंगळावर गेलें होतें. त्याच आठवड्यांत वरून फिरणाऱ्या व्हायकिंग-यानानें सायडोनिया नांवाच्या प्रदेशांतील एका टेकडीचें चित्र घेतलें. सावल्या अशा पडल्या होत्या कीं टेकडी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसावी. नासा या अमेरिकन संस्थेनें हा छायाप्रकाशाचा खेळ आहे असें सांगूनच तें चित्र छापलें. कांहीं वर्षांनीं दोघा संगणक-अभियंत्यांनीं त्या टेकडीचें दुसरें चित्र दप्तरांतून शोधून काढलें व दोहोंवर नवे संस्कार केले. मग इतरांनीं त्या पायावर प्राचीन नगरें व मनोरे उभे केले. वस्तुतः त्या चित्रांतील एका बिंदूंत सुमारें ४५ मीटर भूमि सामावलेली होती. त्यांत नाक-डोळे शोधणें हें लोवेलच्या कालव्यांचेंच पुनरागमन होय. १९९८ च्या एप्रिलमध्यें ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानानें अधिक स्पष्ट चित्र पाठविलें, तेव्हां टेकडीची टेकडीच राहिली. हे आपल्या जत्रेंतील नवशे. त्यांचा नवस आधींच बोललेला होता.

हौशांचें खरें युग २००४ सालीं सुरू झालें. त्या वर्षाच्या जानेवारींत ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ हे दोन रोव्हर मंगळाच्या दोन बाजूंस उतरले. त्यांचें काम नव्वद मंगळ-दिवस चालावें एवढीच योजना होती. पण स्पिरिटनें मार्च २०१० पर्यंत व ऑपॉर्च्युनिटीनें जून २०१८ पर्यंत संदेश पाठविले, आणि दुसऱ्यानें ४५ किलोमीटरांहून अधिक वाट तुडविली. या मोहिमेंत एक उदार निर्णय झाला. पूर्वीं बहुतेक चित्रें आधीं शास्त्रज्ञांच्या टेबलावर जात व निवडक तेवढीं लोकांपुढें येत. येथें मात्र कच्चीं छायाचित्रें आलीं तशीं, विशेष विलंब न लावतां, इंटरनेटवर सर्वांसाठीं मोकळीं ठेवण्यांत आलीं. मंगळावर सकाळीं घेतलेलें चित्र त्याच दिवशीं इंग्लंडांतील किंवा इटलींतील एखाद्या घरांत उघडूं लागलें; कधीं कधीं मोहिमेंतील शास्त्रज्ञ झोंपेंत असतांनाहि !

त्याच सुमारास डग एलिसन नांवाच्या इंग्रज तरुणानें या छंदाच्या लोकांना इंटरनेटवर एकत्र आणलें. वैद्यकीय विषयांची दृक्-श्राव्य सामग्री करणें हा त्यांचा व्यवसाय. २०१० सालीं जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनें त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलें, व पुढें ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरच्या मार्गदर्शक कॅमेऱ्यांचें काम पाहणाऱ्या मंडळींचे ते प्रमुख झाले. ज्या दाराशीं प्रेक्षक म्हणून उभें राहावें त्याच घरांत कारभारी म्हणून प्रवेश मिळावा, असें भाग्य विरळा.

हे कारागीर करतात तरी काय ? या दोन रोव्हरांच्या मानेवर दोन मुख्य कॅमेरे होते, एकमेकांपासून सुमारें ३० सेंटिमीटर अंतरावर. त्यांचीं चित्रें मूळांत काळीं-पांढरीं. प्रत्येक डोळ्यापुढें आठ खणांचें एक चाक फिरे व त्यांत निरनिराळ्या रंगांच्या कांचा बसविलेल्या असत. तांबड्या, हिरव्या व निळ्या कांचेंतून घेतलेलीं तीन चित्रें एकावर एक बसविलीं म्हणजे रंग प्रकट होतो. ऐकण्यास हें सोपें वाटतें. परंतु पुष्कळदां तांबड्याच्या जागीं डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या अवरक्त किरणांचें चित्र असे. लोकांसाठीं ठेवलेल्या प्रतींत प्रत्येक चित्राचा उजेड यंत्रानें वेगवेगळा ताणलेला असे, त्यामुळें शेजारच्या दोन चित्रांतील एकच खडक एकींत फिकट तर दुसरींत काळसर दिसे. एका कांचेपासून दुसऱ्या कांचेपर्यंत सूर्य थोडा सरके व सावलीच्या कडेला रंगीत झालर उमटे. हें सर्व सांवरून पन्नास-शंभर तुकड्यांची गोधडी अशी शिवावयाची, कीं शिवण दिसूं नये. डाव्या-उजव्या डोळ्यांचीं चित्रें तांबड्या व निळ्या रंगांत एकत्र छापून, तशाच कांचांचा चष्मा लावून, खडकाची खोलीहि पाहतां येई.

रंग तपासण्यास एक साधन होतें. रोव्हरच्या पाठीवर एक छोटें छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारें घड्याळ, बसविलेलें होतें. त्याच्या चार कोपऱ्यांत ठराविक रंगांचे तुकडे व मध्यें करड्या छटांचीं वर्तुळें होतीं. त्यांचे रंग पृथ्वीवर मोजलेले. तेव्हां चित्रांत ते कसे दिसतात हें पाहून बाकीचें चित्र सुधारावें. तरीहि एक प्रश्न उरे : मंगळावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतील ते रंग दाखवावे, कीं तेच खडक पृथ्वीच्या उजेडांत आणले तर जसे दिसतील तसे दाखवावे ? भूशास्त्रज्ञास दुसरी रीत सोयीची, कारण त्याचा डोळा पृथ्वीच्या खडकांवर तयार झालेला असतो. सामान्य माणसाचें कुतूहल पहिल्या रीतीकडे ओढतें. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत; मात्र आपण कोणती स्वीकारली हें चित्राखालीं लिहिलें पाहिजे. व्हायकिंगच्या निळ्या आकाशानें शिकविलेला हा धडा चांगल्या हौशांनीं मनावर घेतला. आणि गंमत अशी कीं मंगळावर सूर्य मावळतांना त्याच्या भोंवतालचें आकाश बारीक धुळीमुळें खरोखरच निळसर दिसतें !

हा उद्योग नुसता करमणुकीचा नाहीं हें एका रशियन प्रसंगावरून दिसेल. २ डिसेंबर १९७१ रोजीं सोव्हिएट संघाचें ‘मंगळ ३’ हें यान प्रचंड धुळीच्या वादळांत मंगळावर अलगद उतरलें. असें उतरणारें तें पहिलेंच. पण वीस सेकंदांच्या आंत त्याचा आवाज बंद पडला, आणि तें कोठें आहे हें चाळीस वर्षें कोणास कळलें नाहीं. २०१२ च्या ऑगस्टमध्यें क्युरिऑसिटी उतरला, तेव्हां रशियांत त्याच्या प्रवासाचा मागोवा घेणारी एक हौशी मंडळी तयार झाली. तिचे पुढारी व्हिताली येगोरोव्ह. या मंडळीला वाटलें, दुसऱ्यांच्या यानाचा एवढा पाठपुरावा करतों, तर आपलें हरवलेलें यान कां शोधूं नये ? मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानानें २००७ सालीं त्या प्रदेशाचें घेतलेलें चित्र सर्वांना खुलें होतें. त्यांत बिंदु होते सुमारें १८० कोटि. येगोरोव्ह यांनीं आधीं हिशेब मांडला : हवाई छत्री, उष्णतेपासून रक्षण करणारी ढाल, उतरतांना वेग मारणारें अग्निबाणाचें यंत्र व स्वतः यान हीं त्या चित्रांत किती बिंदूंचीं दिसतील ? मग सर्वांनीं तो प्रदेश विंचरून काढला, आणि तशा चार वस्तु सांपडल्या.

त्यांच्या पुढील वागण्याकडे मी आपलें लक्ष विशेष वेधूं इच्छितों. त्यांनीं लगेच डांगोरा पिटला नाहीं. मूळ यान घडविणाऱ्यांपैकीं आर्नोल्ड सेलिव्हानोव्ह यांचा सल्ला घेतला, आणि अमेरिकन शास्त्रज्ञांना विनंती केली कीं तीच जागा पुन्हा टिपावी. १० मार्च २०१३ रोजीं निराळ्या उजेडांत दुसरें चित्र घेतलें गेलें, व पहिल्याशीं त्याचा मेळ बसला. वेग मारणाऱ्या यंत्राची साखळीहि दिसल्यासारखी वाटली. एप्रिलमध्यें वार्ता जाहीर झाली, तीहि जपून : वस्तु चांगल्या जुळतात, पण दुसरा अर्थ सर्वस्वीं अशक्य नाहीं. चेहरा पाहणारे आणि यान शोधणारे यांच्या हातीं आंकडेच होते आणि संगणकहि होते. भेद एवढाच कीं, आपण चुकलों असूं तर तें कसें कळेल हा प्रश्न दुसऱ्यांनीं स्वतःस आधीं विचारला.

आपल्या देशांतहि याला तोड आहे, जरी ती मंगळाची नसून चंद्राची आहे. २०१९ च्या सप्टेंबरांत ‘चांद्रयान २’ चें ‘विक्रम’ हें यान उतरतांना चंद्रावर आदळलें. चेन्नईचे संगणक-अभियंते षण्मुग सुब्रमण्यन् यांनीं नासानें खुलीं केलेलीं त्या जागेचीं आधींचीं व नंतरचीं चित्रें रात्रीं जागून शेजारीं शेजारीं ठेवलीं, आणि पूर्वीं नसलेला एक उजळ ठिपका हेरला. त्यांनीं तें नासाला कळविलें. तेथील शास्त्रज्ञांनीं नवीं चित्रें घेऊन पडताळा पाहिला, व डिसेंबरच्या आरंभीं शोधाचें श्रेय त्यांना दिलें. आपल्याच चंद्रप्रदक्षिणा करणाऱ्या यानानें तें आधीं टिपलें होतें असें भारतीय अवकाश संस्थेच्या तत्कालीन अध्यक्षांनीं सांगितलें. तें मान्य करूनहि, कोणी न सांगतां रात्री जागविणाऱ्या त्या डोळ्यांची किंमत कमी होत नाहीं.

शेवटीं ऑपॉर्च्युनिटीच्या अखेरच्या मोठ्या चित्राचा उल्लेख करतों. १३ मे ते १० जून २०१८ या काळांत त्यानें ३५४ छायाचित्रें घेतलीं. त्यांचें एक विस्तीर्ण दृश्य जुळविण्यांत आलें. दरम्यान सर्व मंगळ व्यापणारें धुळीचें वादळ उठलें, सूर्य झांकला, आणि सूर्यावर जगणारा तो रोव्हर गप्प झाला. त्यामुळें त्या दृश्याच्या डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यांत कांहीं तुकडे असे आहेत, कीं त्यांचीं हिरव्या व जांभळ्या कांचेंतील चित्रें घ्यावयाचीं राहूनच गेलीं. शेजारचा रंग पाहून तो कोपरा भरून टाकणें सहज साधलें असतें, व पाहणाऱ्याला कळलेंहि नसतें. तो काळा-पांढराच ठेवला आहे.