आवाजाचा इतिहास कसा लिहायचा? अमीन सयानींच्या निमित्ताने

संशोधनाला लागलो तेव्हा मी अमीन सयानी (१९३२–२०२४) यांच्यावर एक टिपण लिहिलं होतं. 'जादुई आवाज', 'सुवर्णकाळ' असे शब्द जागोजागी पेरलेले. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: "आवाज कळला. इतिहास कुठे आहे?"

मग सगळं पुन्हा वाचायला घेतलं. तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली, धोरण. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांचा आग्रह मोठा. त्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, ते विमानाने कोलंबोला जायचं आणि बुधवारी रात्री आठला लघुलहरींवरून भारतात परत यायचं. खर्च टूथपेस्टच्या कंपनीचा. हे धोरण आणि हा पैसा नसता, तर तो आवाज इतक्या घरांत पोचला असता का? १९५७ मध्ये आकाशवाणीलाही 'विविध भारती' सुरू करावी लागली.

दुसरी, भाषा. सयानींची सुरुवात इंग्रजी कार्यक्रमांतून झाली. मग ती सोपी हिंदुस्थानी आली कुठून? त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' हे पाक्षिक काढत: भाषा साधी हिंदुस्थानी, लिप्या नागरी, उर्दू आणि गुजराती. अमीन त्या कामात हातभार लावत. म्हणजे या निवेदकाची शाळा स्टुडिओच्या आधी घरातच भरली होती.

तिसरी, पुरावा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी मुलाखतींत सांगत. हा आकडा अनेक ठिकाणी छापलेला दिसतो. पण दहा ठिकाणी छापला म्हणून दहा पुरावे होत नाहीत. मूळ एकच, निवेदकाची आठवण. ती खोटी ठरवायची गरज नाही, पण "सयानींच्या सांगण्यानुसार" हे शब्द गाळायचे नाहीत. शिवाय पत्रं मोजली की पत्र लिहिणारेच मोजले जातात. चहाच्या टपरीवर उभं राहून ऐकणारा, अक्षरओळख नसलेला श्रोता त्या आकड्यात येतच नाही. आईने ज्यांच्यासाठी पाक्षिक काढलं, तीच माणसं मुलाच्या श्रोतृसंख्येतून निसटतात!

तुमचा विषय मुंबई दूरदर्शनवरचा (स्थापना १९७२) एखादा वृत्तनिवेदक असला, तरी प्रश्न हेच: बोलायची जागा कुणी दिली, भाषा कुठून आली आणि कोण ऐकत होतं हे आपल्याला कशावरून कळतं? आधी यांची उत्तरं शोधा. विशेषणं काय, नंतरही सुचतात.